नाव एकच, पण जहाल की मवाळ?

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून केवढे रण माजले होते, ते वाचकांना आठवत असेल. महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला, ती ताडपत्री ओढून काढायला माणसे रस्त्यावर आली, प्रकरण उच्च न्यायालयात गाजले. एरवी वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर न पडणारे काही शब्द त्या दिवसांत घराघरांत पोचले. त्यांतला एक म्हणजे ‘क्रिप्टोकॉकस’. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेत वाढणारी, धुळीबरोबर श्वासातून फुफ्फुसात जाणारी आणि क्वचित थेट मेंदूपर्यंत मजल मारणारी एक बुरशी, एवढी तिची ओळख आपल्याला झाली. एक बाजू म्हणत होती, कबुतरे जीव घेतात. दुसरी म्हणत होती, आमच्या तीन पिढ्या दाणे टाकत आल्या, कुणाला काही झाले नाही. क्रिप्टोकॉकसपुरते बोलायचे तर दोन्ही बाजूंच्या पदरात थोडे थोडे सत्य पडते. मात्र ते सत्य कबुतरापाशी संपत नाही. (कबुतरांच्या पिसांमुळे आणि विष्ठेमुळे फुफ्फुसांना जो ॲलर्जीचा विकार जडतो, तो निराळा. त्याची आणि या बुरशीची गल्लत करू नये.)

आमच्या एकलहऱ्यात कबुतरखाना नाही. पण कबुतरांचे त्यावाचून काही अडत नाही. वीज केंद्राच्या वसाहतीतले सज्जे, बंद खोल्यांच्या खिडक्या, पाण्याच्या टाकीखालचा आडोसा, सगळीकडे त्यांचा संसार चालू असतो. दादरचा वाद टीव्हीवर रंगला होता तेव्हा चहाच्या टपरीवर एका द्राक्ष बागाईतदाराने मला विचारले, “साहेब, बुरशी एकच, हवा एकच, मग एकाला होतं अन्‌ शेजारच्याला होत नाही, असं का?” बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गावात सगळ्या विषयांतले कळते, असा एक समज असतो. मी नेहमीचे उत्तर दिले : ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याला होते. ते उत्तर बरोबरच आहे, पण अर्धे. कारण त्या प्रश्नात ‘बुरशी एकच’ हे जे गृहीत धरले आहे, ते तपासून पाहण्यासारखे आहे. द्राक्षाचा व्यापारी बागेत येतो तेव्हा ‘द्राक्ष आहे’ एवढ्यावर सौदा होत नाही. थॉमसन की सोनाका, शरद की माणिक चमन, हे आधी विचारले जाते. बुरशीच्या बाबतीत मात्र आपण नुसत्या नावावर थांबतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी जे दाखवून दिले ते असे की, क्रिप्टोकॉकस या एका नावाखाली अनेक वाण नांदतात, त्यांतले काही जहाल असतात, काही मवाळ असतात, आणि जहाल-मवाळ हा भेद कधी कधी जनुकांच्या एवढ्याशा फरकावर ठरतो.

आधी बुरशीची ओळख करून घेऊ. बुरशी म्हटले की लोणच्यावरची पांढरी साय किंवा पावावरची हिरवी लव डोळ्यांपुढे येते. ही ती नव्हे. ही यीस्टच्या जातकुळीतली, म्हणजे एकेका सुट्या, गोलसर पेशीची. पाव फुगवणारे यीस्ट आणि आपल्या नाशिकच्या द्राक्षरसाची वाईन करणारे यीस्ट हे तिचे लांबचे भाऊबंद. ते बिचारे आपल्या पोटात रोज जातात आणि काही करत नाहीत. क्रिप्टोकॉकसची पहिली नोंद मात्र दुहेरी झाली, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीचे बीज त्या योगायोगात आहे. १८९४ साली इटलीत सॅनफेलिचे याला ती पीच फळांच्या रसात मिळाली. त्याच वर्षी जर्मनीत बुसे या डॉक्टरला ती एका तरुण स्त्रीच्या नडगीच्या हाडातल्या जखमेत मिळाली. एकीकडे फळाचा रस, दुसरीकडे माणसाचे हाड! ही बुरशी मुळात राहते कुठे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९५५ मध्ये अमेरिकेत चेस्टर एमन्स यांना ती कबुतरांच्या घरट्यांत आणि विष्ठेत सापडली, आणि कबुतराच्या कपाळी जो शिक्का बसला तो आजतागायत पुसला गेलेला नाही. गंमत म्हणजे कबुतर स्वतः सहसा या रोगाने आजारी पडत नाही. त्याच्या अंगाची ऊब ४१-४२ अंश सेल्सिअस, आणि एवढ्या उष्णतेत या बुरशीचे काही चालत नाही. कबुतराची विष्ठा हे तिच्यासाठी आयते मिळालेले अन्नछत्र. तिचे खरे घर दुसरीकडे असावे, ही शंका बळावली ती १९९० मध्ये. ऑस्ट्रेलियात एलिस आणि फायफर यांना तिची सख्खी बहीण, क्रिप्टोकॉकस गॅटी, निलगिरीच्या झाडाच्या परिसरात मिळाली. त्यानंतर आपल्याकडे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. हरबन्स रंधावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तसेच जबलपूरच्या राणी दुर्गावती विद्यापीठातील संशोधकांनी, गावोगावच्या झाडांच्या ढोल्या खरवडायला सुरुवात केली. सापडली कुठे? जांभळाच्या ढोलीत, चिंचेच्या ढोलीत, बकुळीच्या, कडुनिंबाच्या, पिंपळाच्या ढोलीत. म्हणजे ज्या झाडांखाली आपले बालपण गेले, ज्यांच्या पारावर गावाचे न्यायनिवाडे झाले, त्याच झाडांच्या पोकळ, कुजट लाकडात या बुरशीचे पिढीजात बिऱ्हाड आहे. कुऱ्हाड हातात घेण्याचे कारण नाही. आपण सगळ्यांनी तिचा श्वास कधी ना कधी घेतलेला असतो आणि बहुतेकांच्या शरीराने तिला दारातच अडवलेले असते.

मग झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या या जिवाला माणसाच्या मेंदूत जगण्याची विद्या कुणी शिकवली? तिच्याजवळ तीन हत्यारे आहेत. पहिले, पेशीभोवतीचे जाड, बुळबुळीत कवच. शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिला गिळायला येतात, पण या कवचावरून त्यांची पकड सुटते. मणक्यातून काढलेल्या पाण्यात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर काळ्या पार्श्वभूमीवर हे कवच चंद्राभोवतीच्या खळ्यासारखे दिसते. कित्येक वर्षे रोगाचे निदान या एका चित्रावर होत आले. दुसरे हत्यार म्हणजे मेलॅनिन, आपल्या कातडीला आणि केसांना काळेपणा देते त्याच कुळातले रंगद्रव्य. मेंदूत डोपामिनसारखी जी रसायने असतात त्यांपासून ही बुरशी ते रंगद्रव्य तयार करते आणि ढालीसारखे अंगावर घेते. तिसरे, ३७ अंशांवर वाढण्याची क्षमता. पृथ्वीवरच्या बहुसंख्य बुरश्यांना माणसाच्या अंगाची ऊबच सोसत नाही, आणि म्हणून आपण त्यांच्यापासून सुरक्षित असतो.

ही हत्यारे माणसासाठी घडवलेली नाहीत. २००१ मध्ये आर्तुरो कासादेव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला : ही बुरशी मातीतल्या अमीबापुढे टाकली. अमीबा हाही आपल्या पांढऱ्या पेशीसारखाच गिळणारा जीव. कवच असलेली बुरशी अमीबाला पुरून उरली, त्याच्या पोटात जाऊन वाढली आणि त्यालाच मारून बाहेर आली. ज्या वाणात कवच नव्हते, त्याचा अमीबाने फडशा पाडला. म्हणजे ढोलीतल्या ओल्या अंधारात कोट्यवधी वर्षे जी लढाई चालू आहे, तिच्यात ही बुरशी तयार झाली. माणूस तिच्या वाटेत आला तो अपघाताने. तिला आपल्याशी वैर नाही, हे समजून घेतले की पुढची गोष्ट सोपी होते : अपघाताने हाती आलेली शस्त्रे सगळ्या वाणांत सारखी धारदार असण्याचे कारणच नाही.

आता मुख्य मुद्दा. या बुरशीचे सगळे अनुवंशिक लिखाण १४ गुणसूत्रांवर मिळून सुमारे १ कोटी ९० लाख अक्षरांचे आहे आणि त्यात सुमारे सात हजार जनुके आहेत. माणसाच्या ३०० कोटी अक्षरांपुढे ही छोटीशी वही म्हणायची. पेशी दुभंगते तेव्हा ही वही पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत उतरवली जाते. बँकेच्या नोकरीत मी हाताने लिहिलेल्या लेजरांचा काळ पाहिला आहे. एका पानाची बेरीज पुढच्या पानावर नेताना ५४ चे ४५ कसे होतात, हे त्या काळातल्या कुठल्याही कारकुनाला विचारावे. म्हणून एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून सही करायची, अशी पद्धत होती. पेशीतही असा तपासनीस असतो. चुकीचे अक्षर हेरून दुरुस्त करणारी काही जनुके असतात. तरीही काही चुका निसटतात. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही, काहींनी पेशी मरते. आणि एखादी चूक अशी असते की, तिने बुरशीचा स्वभाव पालटतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण एका प्रसिद्ध वाणाचे आहे. त्याचे नाव ‘एच ९९’. १९७८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. जॉन परफेक्ट यांनी तो एका रुग्णाच्या नमुन्यातून वेगळा केला. वाण चांगला जोमदार निघाला, अभ्यासाला सोयीचा ठरला, म्हणून एका प्रयोगशाळेने दुसरीला, दुसरीने तिसरीला, असा तो जगभर वाटला गेला. आपल्याकडे विरजण शेजारपाजारी जाते, तसे म्हणा. प्रत्येक ठिकाणी तो काचेच्या बशीतल्या गोड, पौष्टिक खळीवर वाढवायचा, थोडा उचलून नव्या बशीत घालायचा, असे वर्षानुवर्षे चालले. काही काळाने संशोधकांच्या लक्षात आले की, एच ९९ म्हणून आपण ज्यावर प्रयोग करतो ते सगळीकडे सारखे नाही. एका प्रयोगशाळेतल्या एच ९९ ने उंदीर पटकन मरत, तर दुसरीकडच्या एच ९९ ने मरायला वेळ लागे. संशोधकांनी त्यांना थट्टेने नावेही ठेवली : एक ‘स्टड’, म्हणजे वळू, दुसरा ‘विम्प’, म्हणजे भित्रा.

२०१४ मध्ये पॅरिसचे गिल्हेम जानबॉन आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी या सगळ्या चुलतभावांच्या वह्या अक्षरशः शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. फरक अगदी मोजके निघाले. मवाळ झालेल्या शाखेत एक जनुक बिघडले होते. त्या बिघाडाने तिचा जहालपणा गेला आणि तिचे प्रजननही मंदावले. आयते खायला मिळणाऱ्या बशीत लढायची गरजच नव्हती, तेव्हा हत्यार गंजले तरी कुणाला पत्ता लागला नाही, असे याचे साधे स्पष्टीकरण देता येईल. आणि तेवढ्यावर गोष्ट संपली असती तर आपणही ‘सुखवस्तू घरात मुले बिघडतात’ असे म्हणून मोकळे झालो असतो. पण त्याच आरामाच्या बशीत दुसरी एक शाखा उलट अधिक जहाल झाली! तिच्या वहीतून फक्त ७३४ अक्षरांचा तुकडा गळून पडला होता. तो तुकडा ज्या जनुकाचा होता, त्याचे काम स्वतः हत्यार बनवण्याचे नाही. इतर अनेक जनुकांची दारे कधी उघडायची आणि कधी लावायची, याच्या देखरेखीत त्याचा हात असतो. देखरेख करणारा गेला आणि घर बेताल झाले. पुढे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले की, याच जनुकातले बिघाड रुग्णांमधून मिळालेल्या काही वाणांतही आहेत. म्हणजे हा केवळ प्रयोगशाळेतला चमत्कार नव्हे. माझ्यासारख्या विज्ञानाबाहेरच्या माणसाला यात सर्वांत विस्मयकारक वाटते ते हे की, काहीतरी नवे मिळून नव्हे, तर असलेले हरवूनही जीव घातक होऊ शकतो.

या बुरशीत नर-मादी नसतात, पण दोन ‘पक्ष’ असतात. शास्त्रज्ञ त्यांना अल्फा आणि ए म्हणतात. निसर्गात आणि रुग्णांत सापडणाऱ्या बुरश्या जवळजवळ सगळ्या अल्फा पक्षाच्या. असे का असावे? कोरियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत संशोधन केलेल्या क्वॉन-चुंग यांनी या बुरशीचे लैंगिक जीवन १९७० च्या दशकात उजेडात आणले होते. १९९२ मध्ये त्यांनी बाकी सगळे सारखे आणि फक्त पक्ष वेगळा, अशी वाणांची जोडी मुद्दाम तयार करून उंदरांना टोचली. अल्फा जास्त जहाल ठरला. झाले, उत्तर मिळाले, असे वाटले. पण २००३ नंतर याच बुरशीच्या दुसऱ्या प्रकारात तसाच प्रयोग झाला, तेव्हा दोन्ही पक्ष एकसारखेच जहाल निघाले. दोघांना एकत्र टोचले तर मात्र मेंदूत अल्फाच अधिक संख्येने पोचला. म्हणजे एकच जनुकसमूह एका घराण्यात प्रभावी, दुसऱ्यात निष्प्रभ, आणि स्पर्धक शेजारी असला की पुन्हा प्रभावी. ‘या रोगाचे जनुक सापडले’ असे मथळे आपण अधूनमधून वाचतो, ते वाचताना हा प्रयोग आठवावा.

प्रयोगशाळेतून आता थेट समुद्रकिनाऱ्यावर. कॅनडाच्या पश्चिमेला व्हँकुव्हर बेट आहे, निसर्गरम्य, सहलीला जाण्याजोगे. १९९९ पासून तिथे धडधाकट माणसे क्रिप्टोकॉकस गॅटीने आजारी पडू लागली. तोवर समज असा की, ही बुरशी उष्ण प्रदेशातली. बर्फाळ देशात तिचे काय काम? १९९९ ते २००७ या काळात त्या प्रांतात २१८ रुग्णांची नोंद झाली. तपास केला तेव्हा बुरशी तिथल्या झाडांवर, मातीत, हवेत, सगळीकडे मिळाली. तिचे जनुकीय वाचन केल्यावर दिसले की, रुग्णांतल्या बहुतेक बुरश्या एकाच वाणाच्या आहेत, आणि त्याच बेटावर दुसराही एक वाण आहे, पण तो थोड्या रुग्णांत. उंदरांवर पाहिले तर पहिला वाण स्पष्टपणे जहाल. नाव दोघांचेही तेच, मुक्काम तोच, झाडे तीच. पुढे हा आजार अमेरिकेच्या वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत उतरला, तेव्हा ऑरेगनमध्ये आणखी एक जहाल वाण मिळाला. ही बुरशी बेटावर आली कशी, याबद्दल एक तर्क फार रंगतदार आहे : पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजांच्या पाण्याबरोबर ती त्या किनाऱ्याच्या समुद्रात आली आणि १९६४ च्या अलास्का भूकंपानंतरच्या त्सुनामीने तिला जमिनीवर नेऊन टाकले. तर्कच आहे, पण त्यात कादंबरीचा ऐवज नक्की आहे.

हे सगळे उंदरांपुरते आणि दूरदेशीच्या बेटापुरते असते तर रविवारच्या सकाळी तुम्हाला यात गुंतवण्याचे कारण नव्हते. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर ही मुख्यतः एचआयव्हीबाधितांवरची आपत्ती आहे. २०२० सालासाठी तज्ज्ञांनी काढलेला जागतिक अंदाज असा : एचआयव्हीबाधितांत या मेंदूज्वराचे १ लाख ५२ हजार रुग्ण आणि १ लाख १२ हजार मृत्यू. चारांतले जवळजवळ तीन गेले. याशिवाय मूत्रपिंड बदललेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्णही तिच्या तावडीत सापडतात. सुरुवात साधी असते : आठवडे रेंगाळणारी डोकेदुखी, बारीक ताप, उलट्या, नजर धूसर होणे. घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

युगांडातल्या कंपाला इथे अशाच रुग्णांचा अभ्यास झाला. उपचार सारखे, रोगाचे नाव सारखे, तरी काही वाचले आणि काही गेले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या कर्स्टन नील्सन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या शरीरातल्या बुरश्यांचे जनुकीय वाचन करून २०१९ मध्ये दाखवले की, सुमारे ४० जनुकांमधले बारीक फरक रुग्णाच्या प्रतिकाराशी, लक्षणांशी किंवा मृत्यूशी जोडलेले आहेत. त्यांतल्या काही जनुकांचे काम काय, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते. तेव्हा रुग्ण दगावला की ‘त्याची प्रतिकारशक्तीच नव्हती’ असे जे आपण पटकन म्हणतो, त्यात मृतावर थोडा अन्यायच होतो. त्याच्या वाट्याला कोणती बुरशी आली, हेही पाहायला हवे.

भारतातल्या ढोल्यांत मिळालेल्या वाणांचाही दिल्लीच्या संशोधकांनी कॅनडातल्या सहकाऱ्यांबरोबर अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या गावांत एकच वाण मिळाला, म्हणजे बुरशी वाऱ्यावर किंवा पक्ष्यांबरोबर लांबचा प्रवास करते. आणि वाणांची आपसात सरमिसळ होत असल्याच्या खुणाही मिळाल्या. सरमिसळ म्हणजे पत्ते पुन्हा पिसले जाणे. कुणाच्या हाती कुठला डाव येईल, सांगता येत नाही.

आणि हा डाव रुग्णाच्या शरीरातही चालू राहतो. वर ज्या तपासनीस जनुकांचा उल्लेख केला, ती काही वाणांत मोडलेली असतात. मग चुका वाढतात, आणि वाढलेल्या चुकांतून औषधाला दाद न देणारी पेशी लवकर निपजते. दुसरी युक्ती आणखी सोपी. फ्लुकोनॅझोल या गोळीचा मारा सुरू झाला की काही पेशी आपल्या एका गुणसूत्राची जादा प्रत बाळगू लागतात. औषध ज्या प्रथिनावर हल्ला करते, ते दुप्पट तयार होते आणि औषध अपुरे पडते. टांझानियातल्या रुग्णांत हे प्रत्यक्ष दिसले आहे : फक्त फ्लुकोनॅझोलवर ठेवलेल्या रुग्णांत अशा पेशी वाढत गेल्या, जोडीला फ्लुसायटोसिन हे दुसरे औषध दिले की त्यांना आळा बसला. जहालपणा आणि औषधाला न जुमानणे हे दोन गुण वेगळे आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण दोन्हींचा उगम एकच : वहीतले फरक.

औषधांचा विषय निघाला आहे तर पुण्याजवळच्या पिंपरीची आठवण काढायला हवी. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीविरोधी औषध शोधून काढले. कारखान्याच्या नावावरून औषधाला ‘हॅमायसिन’ आणि गावाच्या नावावरून त्या सूक्ष्मजीवाला ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असे नाव मिळाले. पिंपरीचे नाव जगाच्या सूक्ष्मजीवशास्त्रात असे कायमचे नोंदले गेले आहे, हे आज त्या महामार्गावरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल! त्याच औषधकुळातले ॲम्फोटेरिसिन मात्र २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. कोविडनंतरच्या काळ्या बुरशीसाठी त्या इंजेक्शनच्या कुप्या मिळवायला नातलगांनी गावोगाव पालथे घातले. ती बुरशी वेगळी, क्रिप्टोकॉकस नव्हे. पण औषध तेच. आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या चाचण्यांनंतर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्रिप्टोकॉकसच्या मेंदूज्वरासाठी या औषधाचा एकच मोठा डोस आणि जोडीला दोन आठवडे गोळ्या, असा उपचार सुचवला.

आमच्या नाशिककरांना एक गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. द्राक्षावर भुरी आली की टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल फवारतात. फ्लुकोनॅझोल याच कुळातले, आणि तिन्हींचा नेम बुरशीतल्या एकाच प्रथिनावर. एकच औषध सारखे मारत राहिले की भुरी ऐकत नाही, म्हणून गट बदलत फवारणी करावी, हे बागाईतदार पदरमोड करून शिकला आहे. टेब्युकोनॅझोलच्या सहवासात वाढवलेली क्रिप्टोकॉकस पुढे फ्लुकोनॅझोललाही कमी जुमानते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. बागेतल्या मातीत काय चालते ते तपासायला हवे. दोष द्यायची घाई नको.

यीस्टच्याच कुळातली कॅन्डिडा ऑरिस ही बुरशी २००९ मध्ये जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात प्रथम मिळाली. मग काही वर्षांत दक्षिण आशिया, पूर्व आशिया, दक्षिण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा चार ठिकाणी तिच्या चार वेगळ्या शाखा जणू एकाच वेळी डोके वर काढताना दिसल्या. पूर्व आशियाची शाखा बहुतांशी कानापुरती राहते. आपल्याकडची शाखा मात्र रक्तात उतरते आणि औषधांना दाद देत नाही. भारतातल्या २७ अतिदक्षता विभागांच्या पाहणीत, रक्तात कॅन्डिडा आढळलेल्या रुग्णांपैकी ५.३ टक्क्यांत ती निघाली. २०२१ मध्ये डॉ. अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती अंदमानच्या किनाऱ्यावर, माणसाच्या वस्तीबाहेर शोधून काढली. तिथल्या खाऱ्या दलदलीत दोन वाण शेजारी शेजारी मिळाले : एक अनेक औषधांना न जुमानणारा, दुसरा औषधांना मुकाट्याने बळी पडणारा आणि ३७ अंशांवर रेंगाळत वाढणारा.

इस्पितळाच्या रिपोर्टवर अजून नुसते नाव छापून येते, वाण येत नाही. वाण वाचायची सोय मोजक्या प्रयोगशाळांत आहे आणि ती संशोधनासाठी. पण दोन गोष्टी आजही हाताशी आहेत. रक्ताच्या थेंबावर होणारी पट्टीची तपासणी त्या बुळबुळीत कवचाचे सुटलेले अंश पकडते. बुरशीला वाचवणारे कवचच तिची चहाडी करते, आणि तेही मेंदूज्वर होण्याच्या कित्येक आठवडे आधी. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या सीडी-४ पेशी खूप खाली गेल्या असतील तर ही तपासणी मागून घ्यावी. दुसरी गोष्ट, उपचारानंतर डोकेदुखी आणि ताप पुन्हा सुरू झाला तर जुन्या रिपोर्टची झेरॉक्स पुढे करून तीच गोळी वाढवून मागू नये. कधी बुरशी मेलेली असते आणि परत आलेली प्रतिकारशक्तीच मेंदूत दंगा करत असते. कधी बुरशी जिवंत असते, पण पहिली राहिलेली नसते. दोन्हींचे उपचार वेगळे. मणक्यातले पाणी पुन्हा काढून बुरशी वाढवून पाहिली का, आणि वाढली असेल तर तिच्यावर औषधे लावून पाहिली का, एवढे डॉक्टरांना विचारावे. या तपासणीला आठवडाभर किंवा थोडा अधिक वेळ लागतो.